चौथी जोडी

पाच महिन्यांनी विरारला घरी गेलो. आईने दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आत तोंड करून ओरडली, "अहो, पाहुणे आलेत!"

आमच्या घरी टोमणा चहाच्या आधी मिळतो. बाबांनी पेपरच्या आडून विचारलं, "किती दिवसांचा मुक्काम?" आणि माझी धाकटी बहीण अनुष्का स्वयंपाकघरातून म्हणाली, "सोनेरी कपबशी काढू का गं आई?"

ती कपबशी शोकेसमध्ये असते, फक्त पाहुण्यांसाठी. घरच्यांना साधे मग. माझा निळा, कान तुटलेला. चहा त्याच मगातून आला तेव्हा जरा बरं वाटलं, हे कबूल करतो.

पुण्यात मी विमा कंपनीसाठी गोदामं तपासतो. कागदावर चारशे पोती आणि जागेवर तीनशे नव्व्याण्णव निघाली, तर ते एक पोतं मला जेवताना दिसत राहतं. माणसांचीही मी तशीच नोंद ठेवतो. आई एका वाक्यात दोन टोमणे मारते. बाबा तीनदा 'नाही' म्हणून चौथ्यांदा 'हो' म्हणतात. अनुष्काने 'पाच मिनिटं' म्हटलं की पंचेचाळीस धरायची. आणि पाहुणा फार रेंगाळला की आम्ही भावंडं त्याच्या चपलांची तोंडं गुपचूप लिफ्टकडे करून ठेवायचो आणि दाराआड उभे राहून हसायचो. तोडगा रामबाण. अर्ध्या तासात पाहुणा उठायचा.

या खेपेला मी मुद्दाम आलो होतो. गेल्या महिन्यात बाबा फोनवर सहज म्हणाले होते, "तुझी खोली अनुष्काला देऊन टाकतो. तू काय, येऊन-जाऊन." ते 'येऊन-जाऊन' मला लागलं होतं. दोन दिवस फोन बंद ठेवायचा आणि घरचा माणूस कोण ते दाखवून द्यायचं, असं ठरवून निघालो होतो.

शनिवारचा बेत अनुष्काचा. अर्नाळ्याहून होडीने किल्ल्यावर जायचं आणि ओहोटीला किल्ल्याच्या बाहेरून, खडकांवरून वळसा घालायचा. "अॅडव्हेंचर!" बाबांनी गुडघ्यांचं कारण तीनदा सांगितलं आणि निघाले. आठला निघायचं ते पावणेदहा झाले. आईने चार माणसांसाठी बारा जणांची थालीपीठं घेतली. रिक्षात मागे ते तिघं आणि मी ड्रायव्हरच्या बाजूला, अर्धा बाहेर. माझी चिडचिड तिथूनच सुरू झाली.

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत होते. होडी गुडघाभर पाण्यात उभी. चढायचं तर अनवाणी, पँट वर करून. काठावर मर्सी नावाची एक म्हातारी मासळीची रिकामी पाटी घेऊन बसली होती. होडीवाला जॅक्सन तिचा नातू.

"चपला पाटीत टाका," ती म्हणाली. "येताना आपापल्या उचला. पाटी रिकामी झाली का मी घरी जाते."

पाटीत आधीच एक जोडी होती. निळी रबरी, उन्हाने जवळपास पांढरी पडलेली.

"ही कोणाची?" मी विचारलं.

"तो नाय आला अजून."

"कधी गेलाय?"

मर्सीने ती जोडी बाजूला सारून पाटीत जागा केली. आई, बाबा, अनुष्का यांनी चपला टाकल्या. माझे सँडल नवे होते आणि मी परक्या पाटीवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. सँडल पिशवीत गुंडाळून पाठीवरच्या सॅकमध्ये घातले.

"टाका की," मर्सी म्हणाली. "हितं काय ठेवलं का मानूस परत येतो."

"मी असाही परत येतो, आजी."

"दादा, टाक ना रे, काय तुझं म्युझियममधलं आहे का?" अनुष्का म्हणाली. मी ऐकलं नाही.

जॅक्सनने डोकी मोजली. चार.

बेटावर पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. कोळीवाड्यातून जाणारी वाट, जाळी विणणाऱ्या बायका, मग किल्ल्याचा दरवाजा आणि त्यावरचे कोरलेले हत्ती. बाबा प्रत्येक दगडापाशी थांबत होते, आई प्रत्येक वेळी बाबांपाशी. मी सगळ्यांचे फोटो काढले. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. बंद ठेवायचा ठरवलेला फोन मी घेतला. तटावर जाऊन वीस मिनिटं बोललो, भिवंडीच्या एका गोदामाबद्दल.

खाली आलो तर विहिरीजवळ सावलीत जेवण मांडलं होतं. कागदी ताटल्या चार. एकीवर आई, एकीवर बाबा, एकीवर अनुष्का. चौथी एका माणसाच्या हातात होती. माझ्याच वयाचा, बारीक, पँटचे पाय ओले. तो थालीपीठ दह्यात बुडवून खात होता. घरी मीही तसंच खातो.

आई वाटेतल्या कोणालाही जेवू घालते.

"माझी ताटली?"

"अगं बाई!" आईने जीभ चावली आणि कागदावर एक थालीपीठ दिलं. दही संपलं होतं.

जेवणानंतर खडकांवरून वळसा घालायला निघालो. तोही निघाला. शेवाळावर बाबांचा पाय सरकला. मी तीन पावलांवर होतो, पण त्याने आधी धरलं. पुढे एक मोठी फट आली. अनुष्काने मागे न बघता हात लांबवला. "दादा, हात दे."

मी हात पुढे केला. तिने त्याचा धरला.

"अनू, मी इकडे आहे."

तिने वळून पाहिलं. ओळखीचं हसली, रोज जिन्यात भेटणाऱ्या शेजाऱ्याला हसतात, तेवढंच. "हो, तुम्ही या सावकाश."

तिला मस्करीची खोड आहे. कट असणार, असं मी मनात नोंदवलं. पाच महिने न येण्याची शिक्षा. आईला बाजूला घेऊन विचारलं, "हा कोण?"

"कोण?"

"हा. बाबांच्या बाजूचा."

आईने माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. बाबांनी बारीक मान हलवली, 'जाऊ दे' अशी. आई माझ्यापासून एक पाऊल लांब सरकली.

परतीच्या होडीत पाच जण होतो. मी मुद्दाम मोठ्याने मोजले. जॅक्सन म्हणाला, "चार घरचे, एक तुमी."

किनाऱ्यावर मर्सी पाटी पुढे सरकवून उभी राहिली होती. आईने चपला घेतल्या, बाबांनी घेतल्या, अनुष्काने घेतल्या. मग त्या माणसाने वाकून निळी रबरी जोडी उचलली आणि पायात घातली. पायांना ती बरोबर बसली.

मर्सीने पाटी उलटी करून झटकली. वाळू पडली. तिने छातीवर क्रूस काढला.

"आजी, जाताना आमच्यातल्या तिघांनीच चपला ठेवल्या होत्या."

"चार जोड्या, चार मानसं," ती म्हणाली. माझ्याकडे पाहायचं तिने टाळलं. "मी बोलले व्हते तुमाला."

मी सॅकमधून सँडल काढले. म्हणालो, "हे घ्या, आता ठेवतो."

ती पाटी काखेत मारून चालू लागली होती.

रिक्षात ते चौघं बसले. तो ड्रायव्हरच्या बाजूला, अर्धा बाहेर. बाबा मला म्हणाले, "तुम्ही मागून या. स्टेशनलाच जायचं असेल ना?"

मी दुसऱ्या रिक्षाने मागे गेलो. चिडून गेलो, घाबरून नाही. मस्करीला हद्द असते, हे मला त्यांना सांगायचं होतं.

चौथ्या मजल्यावर दाराबाहेर सँडल काढले. बेल वाजवली. आईने दार उघडलं. आल्या दिवशीचा टोमणा तिच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हता.

"या ना," ती म्हणाली.

हॉलमध्ये तो माझ्या जागेवर, खिडकीकडच्या खुर्चीत बसला होता. हातात कान तुटलेला निळा मग. तो मग गरम असतो, वरच्या कडेला दोन बोटांनी धरावा लागतो. त्याने तसाच धरला होता.

मी फोन काढला. सकाळचे फोटो दाखवले. आई, बाबा, अनुष्का. आई, अनुष्का. बाबा आणि दगड. प्रत्येक फोटो मी काढलेला. एकातही मी नव्हतो.

"छान आलेत," बाबा म्हणाले. "सुमेधला पाठवाल का?"

"मीच सुमेध आहे, बाबा."

खुर्चीतल्या माणसाने मान खाली घातली. त्याची मला कीव वाटावी असा तो बसला होता.

मी आधार कार्ड काढलं. बाबांनी चष्मा लावून ते नीट वाचलं, उलटं करून पुण्याचा पत्ताही वाचला. मग दोन्ही हातांनी परत दिलं.

"आडनाव एकच की आपलं. नावही तेच. असतात असे योगायोग. तुमचं मूळ गाव कुठलं?"

त्यांच्या डोळ्यांत मी मस्करी शोधली. या माणसाच्या चेहऱ्यावरची प्रत्येक थाप मी तीस वर्षं ओळखत आलोय. थाप नव्हती. सौजन्य होतं.

"आई," मी म्हणालो, "माझ्या डाव्या गुडघ्यावर काय आहे?"

तिचे डोळे भरले. माझ्यासाठी नव्हे. कोणाचा तरी मुलगा असा फिरतोय, यासाठी. "घरी कोण कोण आहे तुमच्या?" तिने हळूच विचारलं. "कोणाला फोन करू का?"

आणि तिने चहा आणला.

सोनेरी काठाच्या कपबशीत.

मी तो प्यायलो. दुसरं काय करणार होतो? साखर माझ्या अंदाजापेक्षा जास्त होती. पाहुण्यांना आई एक चमचा वर घालते.

थोड्या वेळाने अनुष्का उठून बाहेर गेली आणि लगेच आत आली. त्याच्याकडे पाहून तिने ओठ दाबले. त्यानेही.

"बराय," मी म्हणालो.

"पुन्हा या," आई म्हणाली.

दार मागे बंद झालं. बाहेर चपलांच्या स्टँडवर, माझ्या कप्प्यात, निळी रबरी जोडी होती. तिच्यातून अजून पाणी ठिबकत होतं.

माझे सँडल खाली फरशीवर होते. काढताना मी त्यांची तोंडं दाराकडे ठेवली होती.

आता ती लिफ्टकडे होती.

दाराआडून दोघांचं दबलेलं हसू ऐकू आलं.