विरघळणारा हंस

आजीला हंस दिसायचा आणि बघता बघता विरघळून जायचा.

हंस लाकडी होता, सावंतवाडीच्या खेळण्यांतला, पांढराशुभ्र रंगवलेला. काळ्या पाटावर ठेवला की आजी म्हणायची, "आला हो! चांदण्यांचा हंस!" आणि लगेच, "गेला." आता लाकडाचा हंस जाणार कुठे? तो तर पाटावरच असायचा.

माझी आजी गंजिफा, म्हणजे खेळायची गोल पानं, रंगवायची. मी जन्मायच्या आधीच एका आजारानं तिची नजर गेली. माझा चेहरा तिनं कधी पाहिलाच नव्हता.

आजोबा मज्जाशास्त्रज्ञ (मेंदू आणि मज्जातंतूंचा अभ्यास करणारे). त्यांची सगळी हयात दृष्टिपटलाचा (डोळ्याच्या आतल्या, उजेड टिपणाऱ्या पातळ पडद्याचा) अभ्यास करण्यात गेली. आधी बेडकांचे डोळे, मग माणसांचे. शेवटी त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी एक इवलीशी चिप तयार केली. चष्म्यातला कॅमेरा चित्र टिपतो, चिप त्या चित्राचे विजेचे ठिपके करून दृष्टिपटलाला देते, आणि तिथून मज्जातंतू तो संदेश मेंदूकडे नेतात. हीच चिप आजीच्या डोळ्यात बसवली होती.

पण हंस काही टिकेना. शेवटी आजी कंटाळली.

"पुरे झालं हो. काढून टाका हे. मला अंधाराची सवय आहे."

 मला मात्र रडूच आलं. चिप काढली की माझा चेहरा बघायचा राहिलाच!

"आजी, एकदा शेवटचं बघ ना," मी हट्टच धरला.

आजी बसली. पाठ ताठ, मान स्थिर, श्वाससुद्धा रोखलेला. गंजिफावर केसाएवढी रेघ ओढायची तर असंच बसावं लागतं, आणि ती सवय तिच्या अंगात मुरलेली. हंस आला. हंस गेला.

तेवढ्यात आजोबांना अशी काही शिंक आली की खिडकीतलं मांजर पळालं. आजी दचकली आणि खदखदून हसत सुटली.

"अहो, आला की! हंस नाचतोय!"

हसू थांबलं, हंस गेला.

"आजोबा," मी ओरडले, "आजी हलली की तो येतो!"

आजोबांनी कपाळावर हात मारून घेतला. "समोर माशी निश्चल बसली तर बेडकाला ती दिसत नाही, शाल्मली! जन्मभर मुलांना हेच शिकवलं आणि घरात विसरलो."

त्यांनी कागदाच्या मध्यभागी एक ठिपका काढला आणि बाजूला पेन्सिलीनं फिकट धुरकट डाग केला. "ठिपक्याकडे टक लावून बघ."

मी बघत राहिले. हळूहळू डाग कागदात मुरल्यासारखा नाहीसा झाला! डोळे मिचकावले, तर परत हजर.

"दृष्टिपटलातल्या पेशी मुख्यतः बदलाची बातमी देतात," आजोबा म्हणाले. "तेच तेच येत राहिलं की त्या गप्प होतात. म्हणून आपण रोखून बघतानाही आपले डोळे नकळत थरथरत असतात. चित्र जरासं सरकतं, शेजारच्या पेशींवर पडतं, आणि संदेश पुन्हा सुटतात."

"मग आजीचे डोळे थरथरत नाहीत?"

"थरथरतात ना. पण तिचं चित्र काढतो कॅमेरा, आणि तो चष्म्यात घट्ट बसलाय. शिवाय चित्र स्थिर दिसावं म्हणून मीच शहाण्यानं त्यात बारीक हालचाल पुसून टाकणारी सोय केली. हसण्याचा धक्का मोठा, तो तेवढा निसटला."

"आणि मी बसले दगडासारखी," आजी म्हणाली. "दोघंही सारखेच हो आपण!"

आजोबांनी ती सोय बंद केली आणि चित्र किंचित थरथरतं ठेवायला कॅमेऱ्याला शिकवलं. आजीनं पुन्हा पाठ ताठ केली. हंस आला. आम्ही वाट बघत राहिलो. हंस तिथेच तरंगत राहिला.

मग मी हंस उचलला आणि पाटामागे जाऊन बसले.  खिडकीतून संध्याकाळचं पिवळं ऊन माझ्या तोंडावर येत होतं. आजी पुढे वाकली. मग तिनं हात पुढे केला. एरवी ती चाचपडते. आज तिचं बोट सरळ माझ्या नाकावर आलं.

"अगोबाई! नाक आजोबांचं आलंय की गो!"

मी हसले आणि रडलेसुद्धा. आजोबा नाक पुसत म्हणाले, "पुढच्या चिपमध्ये ठिपके वाढवू. मग हिच्या पापण्याही दिसतील तुला."

"दिसतील तेव्हा दिसतील," आजी म्हणाली. तिनं माझ्यावरची नजर काढली नाही. "तोवर माझा कुंचला शोधून द्या बघू. आणि एक कोरं पान."