सतरा घड्याळं आणि दोन चाळीस

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्यासोबत घडली. ज्या ड्रॉवरसमोर घडली तो आत्ताही माझ्या डाव्या हाताला आहे... आणि मी त्याला कुलूप लावून ठेवलंय.

तारीख २६ ऑक्टोबर २०१२. शुक्रवार. दुपारचे दोन चाळीस. जागा तिरोडा, माझं घड्याळ दुरुस्तीचं दुकान.

रात्र नव्हती, अमावस्या नव्हती. समोर भजेवाल्याची कढई चढलेली होती.

मी राजदीप. फौजेतल्या पाणबुड्यांना, म्हणजे पाण्याखाली उतरून काम करणाऱ्या जवानांना, सरकारकडून मिळालेली जुनी घड्याळं मी जमवतो. पाठीवर बाणाची खूण आणि नंबर कोरलेला असतो. निवृत्त फौजी, भंगारवाले, मुंबईचे दलाल, कोणाकडूनही घेतो. तेव्हा माझ्याकडे सतरा होती. बायको अल्का म्हणते, जिल्ह्यात समुद्र नाही आणि या माणसाला पाणबुड्यांची घड्याळं लागतात.

लोकांना हा शौक वाटतो.

शौक नाही तो. त्यासाठी आधी २००४ सांगावं लागेल.

माझा मोठा भाऊ रत्नपाल नौदलात पाणबुड्या होता. चोरखमाऱ्याकडच्या आमच्या खेड्यातल्या तलावात पोहायला शिकलेला माणूस समुद्राच्या तळाशी काम करायचा. मला त्याचा कोण अभिमान! त्याच्या उस्तादानं निवृत्त होताना त्याला एक घड्याळ दिलं होतं. लिलावात निघालेलं, जुनं, फौजी. त्याच्या काचेभोवती फिरती कडी होती. पाण्यात उतरताना कडीवरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा. मग किती मिनिटं झाली ते एका नजरेत कळतं.

दादा म्हणायचा, "खाली डोकं खोटं बोलते. घड्याळ नाही बोलत."

त्या दसऱ्याला तो सुट्टीवर आला. आम्ही दीक्षाभूमीला जाऊन आलो. दुसऱ्या दिवशी तो जेवून झोपला असताना मी ते घड्याळ उघडलं.

त्यात काहीच बिघडलं नव्हतं. माझं दुकान नवीन होतं, हात शिवशिवत होते, फौजी मशीन आतून पाहायची होती. बस्स.

झाकण परत आवळताना आतली रबरी रिंग चिमटली.

चिरली.

मला ते भिंगातून स्पष्ट दिसलं. पाणी आत शिरू नये म्हणूनच ती रिंग असते. तसली दुसरी माझ्याकडे नव्हती. म्हटलं, इथे कुठे समुद्र आहे... नागपूरहून मागवू, मग बदलू.

दादाला सांगितलं नाही. तो हसला असता. मला कारागीर म्हणून त्याच्यासमोर लहान व्हायचं नव्हतं.

चौथ्या दिवशी मी दुकानात होतो. गावात तलावाच्या तुडुमात, म्हणजे पाळीच्या, बांधाच्या खालच्या पाणी सोडायच्या दारात, ओंडका अडकला होता. धान निसवणीला, लोंब्या धरायला आलेला, पाऊस निघून गेलेला. लोक दादाकडे आले. गोंदियाच्या एका निवृत्त सोबत्याचा जुना सिलिंडर त्यानं सकाळीच मागवला. आत किती हवा उरली ते दाखवणारा काटा त्याला नव्हता. वीस मिनिटं पुरते, एवढंच ठाऊक.

दोन चाळीसला दादा उतरला.

बरोबर तीनला कालव्यात पाणी सुटलं. पाळीवर लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दादा वर आला नाही.

संध्याकाळी तलावात मासे धरणाऱ्या ढिवरांनी त्याला बाहेर काढलं. घड्याळ मनगटावरच होतं. कडीचा त्रिकोण आठच्या आकड्यावर, म्हणजे चाळीस मिनिटांवर. काटे दोन बावन्नला थांबलेले. काचेच्या आत पाणी.

बारा मिनिटांत ते बंद पडलं होतं. खाली दादानं जेव्हा जेव्हा पाहिलं असेल, तेव्हा घड्याळानं बाराच मिनिटं सांगितली. अजून आठ बाकी आहेत, असं तो समजत राहिला असेल.

हे फक्त मला कळलं. मी कोणाला सांगितलं नाही. मायला तर नाहीच. चोराच्या मनात चांदणं... कोणी नुसती वेळ विचारली तरी मला घाम सुटायचा.

तेव्हापासून मी ही घड्याळं आणतो. आणलं की उघडतो, नवी रिंग टाकतो, ग्रीस लावतो, दिवसभर पाण्याच्या ग्लासात बुडवून ठेवतो. ज्यांची होती ते कधीच घरी बसलेत, कोणी आता पाण्यात उतरणार नाही. तरीही करतो. सगळ्यांचे त्रिकोण बारावर आणून ड्रॉवरमध्ये ठेवतो.

दादाचं घड्याळ मात्र गावी, मायजवळ, पत्र्याच्या डबीत. त्याची मशीन गंजून एक ढेकूळ झाली होती.

दरवर्षी २६ ऑक्टोबरला, दादा गेला त्या तारखेला, मी दुकान बंद ठेवून गावी जायचो. २०१२ ला गेलो नाही. मायच्या समोर बसायची हिंमतच उरली नव्हती.

लाईट गेली होती. पंखा बंद. भिंतीवर तीसेक घड्याळं टिकटिकत होती.

आणि एकदम...

टिकटिक थांबली.

मी वर पाहिलं. सगळे सेकंदकाटे फिरत होते. आवाज नव्हता. भज्यांचा नाही, रस्त्याचा नाही. कान दडपले होते. लहानपणी तलावात बुडी मारल्यावर दडपायचे तसेच.

मग ड्रॉवरमधून आवाज आला.

कट्... कट्... कट्...

कडी फिरल्याचा. एक नाही, अनेक.

मी ड्रॉवर ओढला. सतराही त्रिकोण आठवर होते.

आणि काचांवर... आतून... वाफ धरत होती. माझ्या हातानं बंद केलेल्या घड्याळांच्या आतून. शेवाळाचा वास आला. आमच्या तलावाचा.

मी शटर ओढलं आणि मोटरसायकल काढली.

माय अंगणात लाखोळीची डाळ निवडत बसली होती. मी तिच्यापुढे बसलो आणि सगळं सांगितलं. उघडलेलं झाकण, चिरलेली रिंग, माझी भीती. आठ वर्षांचं सगळं. रडत सांगितलं.

तिचे हात सुपात तसेच चालत राहिले.

"मले माहीत हाये," ती म्हणाली.

मी डोळे पुसून तिच्याकडे पाहिलं.

"उतरायच्या आंधी त्यानं मले घड्याळ दाखवलं. काचेत वाफ आली होती. म्हणे, माय, राजदीपनं खोललं वाटते हे. आता याचा भरोसा नाही, मी मनातच मोजतो. पण त्याले नोको सांगजो. नवीन दुकान हाये त्याचं."

मी विचारलं, मग इतकी वर्षं तू बोलली काऊन नाही?

"तू सांगशीन म्हणून वाट पाहून राहिली होती, बापा."

तिनं सूप खाली ठेवलं. आत जाऊन डबी आणली आणि माझ्या हातात दिली. सकाळीच पुसून ठेवलं, म्हणाली, तेव्हा काटे होते तिथेच होते.

मी झाकण काढलं.

काटे तीनवर होते.

दोन बावन्नवर नाही. बरोबर तीनवर. मी मागचं झाकण उघडून चिमट्यानं चाक हलवून पाहिलं. हललं नाही. गंजून घट्ट बसलेलं. चावीसुद्धा फिरेना.

तीन... पाणी सुटलं ती वेळ. वीस मिनिटं पूर्ण झाली ती वेळ.

मायनं काचेवर बोट ठेवलं. "मोजण्यात चुकला नाही तो," एवढंच म्हणाली. म्हणजे हवा संपली हे त्याला कळलं होतं, आणि ओंडका तेव्हाच हलायला लागला होता. त्यानं ओंडक्यावरचा हात काढला नाही. असं तिला वाटलं. मलाही तसंच वाटावं म्हणून ती बोलली की खरंच तसं होतं, हे मी कधी विचारू शकलो नाही.

माय २०१५ ला गेली. डबी आता माझ्याकडे आहे. काटे तीनवरच आहेत.

दादानं मला माफ केलं, असं मी स्वतःला सांगतो. पण मग दरवर्षी त्या दिवशी, कुलूप लावलेल्या ड्रॉवरमध्ये, दोन चाळीसला कड्या फिरतात त्या कशासाठी?

आवाज आला की मी काम बाजूला ठेवतो. एकाही घड्याळाकडे पाहत नाही. वीस मिनिटं मनातच मोजतो.

वीस झाली की दाराकडे पाहतो...

दादा अजून वर आलेला नाही.