तळ्याकाठची मोकळी वाट

थोरल्या मामाची भाची दारात आली तीच रडून सुजलेल्या डोळ्यांनी. हातात एक जुनी कापडी टोपी होती, धुळीने माखलेली, काठाला जाळं चिकटलेली.

"वहिनी, दवाखान्यात मला थोरल्या मामाच्या खोलीत जाऊ देत नाहीत. फौजदार म्हणतात, मीच त्याला ढकललं."

वहिनींनी, सगळेच त्यांना वहिनी म्हणत, तिला आधी पाणी दिलं. विमा कंपनीत खोटे दावे पकडण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं आणि आता त्याच नाकाने त्या खाजगी तपास करत. त्यांचे दीर, ज्यांना त्या भावजी म्हणत, सोबत असत. भावजींच्या डोक्यात प्रकाश पडायला थोडा वेळ लागे, पण जेवायच्या वेळा ते कधी चुकवत नसत.

"पहिल्यापासून सांग," वहिनी म्हणाल्या.

थोरल्या मामाला सगळे ओळखत. दर रविवारी तो मंडळींना साध्या बसने कुठल्यातरी तळ्यावर नाहीतर समुद्रावर नेई, पाण्याच्या कडेने चालवी आणि बसनेच परत आणी. गाडी नाही म्हणून माणसाने पाणी बघायचं नाही की काय, असं तो म्हणे. चालताना स्वतः सगळ्यांत पुढे. मधेच मान वळवून भावाबद्दल विचारायचा, "धाकटा आला ना रे मागून?"

या तळ्यावर बस आधी धरणाशी थांबे, मग रस्त्याने वळसा घालून होड्यांच्या धक्क्याला जाई. दोन थांब्यांच्या मधे काठाकाठाने झुडपांतली पायवाट होती आणि अर्ध्यावर एक उंच खडक, त्यावर बाक. मामा धक्क्याजवळच राहत असे.

"परवा मामाने मला सकाळी खडकावर बोलावलं होतं. जमिनीचं काहीतरी सांगायचं होतं. मी दुसऱ्या बसने धरणाशी उतरले आणि चालत गेले. बाकावर मामाची ही टोपी दिसली. खाली बघते तर मामा काठाशी पडलेला, डोकं फुटलेलं. अजून शुद्धीवर नाही."

"आणि फौजदारांना तूच का दिसलीस?"

"माझे केस विस्कटलेले, गाल चोळून लाल झालेला. झटापट झाली म्हणाले. अहो, झुडपांतून नुसती कोळ्यांची जाळी येत होती तोंडावर, ओढणीने पुसत पुसत आले! आणि माझ्या आधी फक्त धाकटा मामा गेला होता. तो पहिल्या बसने धरणाशी उतरून सगळी वाट चालला. खडकाशी थोरला मामा त्याच्याशी हसून बोलला म्हणे. म्हणजे नंतर उरले मीच." तिने डोळे पुसले. "आता धाकटा मामाच त्याच्या उशाशी बसतो. उद्या त्याला आपल्या घरी हलवणार आहे. मग तर मला तो दिसायचाही नाही."

वहिनींनी टोपी ठेवून घेतली.

धक्क्यावरचा हॉटेलवाला बोलायला तयारच होता. "ती पायवाट बंद झाली तर माझी बाग पाण्यापर्यंत जाते, लपवू कशाला? जमीन दोघा भावांची. धाकट्याने विकायचा शब्द दिला होता, थोरला सही करेना. पण त्या सकाळी मी इथेच होतो, पाहुण्यांच्या नाश्त्यात. कोणालाही विचारा."

विचारलं. खरं होतं.

शेजारची टपरीवाली कपबशा विसळत म्हणाली, "धाकटे ना? मी टपरी उघडत होते, तेव्हा वाटेवरून बाहेर आले. ताडमाड माणूस, पांढराशुभ्र शर्ट, अंगावर एक पान म्हणून नाही. दोन कप चहा घेतला."

"कोणाला बसमधून इथे उतरताना पाहिलंत?"

"पहिली बस येते तेव्हा मी घरी भांडी घासत असते."

दवाखान्याच्या व्हरांड्यात धाकट्या मामाने हात जोडले. त्याच्याशी बोलताना वहिनींना मान वर करावी लागली.

"बसमध्ये कंडक्टरने मला पाहिलंय," तो म्हणाला.

"पाहिलंय. तुमच्याकडे पास आहे, त्यामुळे कुठे उतरलात ते त्याला आठवत नाही. वाट कशी होती हो त्या दिवशी?"

"नेहमीसारखी. मोकळी, स्वच्छ. रविवारी दादा पुढे आणि मी सगळ्यांच्या शेवटी. मंडळी मला शेपूट म्हणतात." तो हसला, आणि भावजीही हसले.

बाहेर येताच भावजी म्हणाले, "माणूस बरा वाटतो."

"तुम्हाला चहा विचारला की सगळेच बरे वाटतात. उद्या पहिली बस पकडायची आहे."

सकाळी दोघं धरणाशी उतरली. वहिनींनी भावजींना पुढे घातलं. भावजीही चांगलेच उंच होते. दहा पावलं जातात न जातात तोच सुरुवात झाली.

"थू! छी! वहिनी, हे काय तोंडात गेलं?"

"चाला. पुढच्याचा मान असतो तो."

खडकावर पोचल्यावर भावजींना चष्मा आठवला. काचा पुसायला काढला होता तो वाटेतल्या दगडावरच राहिला. बिचारे परत धरणाच्या दिशेने गेले आणि घेऊन आले.

"फार त्रास झाला का?" वहिनींनी विचारलं.

"पाय दुखले. दुसरा कसला त्रास?"

वहिनींनी फौजदारांना फोन लावला.

दवाखान्यात स्ट्रेचर दाराशी आणलं होतं. धाकटा मामा घाई करत होता. फौजदारांनी त्याला थांबवलं. भाची भिंतीला टेकून उभी होती.

"हिच्या गालावर झटापट नव्हती," वहिनी म्हणाल्या. "जाळी होती. त्या वाटेवर कोळी रात्रीतून आडवी जाळी विणतात. सकाळी पहिला जाणारा ती तोंडावर घेतो आणि मागच्यांना वाट मोकळी मिळते. आज भावजींचं तोंड भरलं. थोड्या वेळाने त्याच वाटेने गेले-आले, तर एक धागा लागला नाही. खरं ना?"

"अरेच्चा!" भावजी म्हणाले.

"धाकटे मामा हिच्या आधी तिथून गेले असते, तर त्यांच्या उंचीने एक जाळं शिल्लक राहिलं नसतं. पण हिला वाटभर लागली. म्हणजे धरणाकडून त्या सकाळी ही पहिलीच. तुम्ही धरणाशी उतरलाच नाहीत. बसून राहिलात, थेट धक्क्याला उतरलात, थोरल्यांना गाठलंत आणि दोघं मिळून खडकाकडे गेलात. ते नेहमीप्रमाणे पुढे." त्यांनी टोपी समोर धरली. "हे बघा काठाचं जाळं. म्हणून तुम्ही इतके स्वच्छ बाहेर पडलात."

"मला काय माहीत जाळी असतात ते!" धाकटा मामा ओरडला. "इतकी वर्षं त्या वाटेने जातोय, मला कधी एक लागलं नाही!"

"लागणार कसं? इतकी वर्षं तुमच्या वाटेवरची जाळी तुमच्या दादाने आपल्या तोंडावर घेतली."

धाकटा मामा मटकन बाकावर बसला.

"सही कर म्हटलं. नाही म्हणाला," तो पुटपुटला. "राग आला. हात गेला."

"ढकललंत ते रागात असेल. पण भाऊ खाली पडलेला असताना दोन कप चहा प्यायलात, आणि मग पोरीवर आळ घातलात. ते काही रागात नव्हे."

फौजदारांनी भाचीची नजर टाळत खोलीचं दार उघडून धरलं. ती आत गेली आणि मामाचा हात धरून बसली.

दुपारी मामाने डोळे उघडले. तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मागे, दाराकडे. त्याला काहीच आठवत नव्हतं, आपण अजून वाटेवरच आहोत असं वाटत असावं.

"धाकटा आला ना गं मागून?" त्याने विचारलं.

भाचीने त्याचा हात आणखी घट्ट धरला. वहिनी आणि भावजी बाहेर आले.