रिकाम्या खोक्याचं वजन

तुम्हाला पटणार नाही, हे ठाऊक आहे मला. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीसुद्धा चहा संपेपर्यंत मान डोलावली असती आणि घरी जाऊन पोट धरून हसलो असतो.

पण हे माझ्या लेकीच्या घरात घडलंय. माझ्या डोळ्यांदेखत.

भुतं म्हणे रात्री बाराला येतात. आमचं बुधवारी दुपारी पावणेतीनला आलं.

कुरिअरने.

आणि सही करून ते मीच घेतलं.

आधी घर सांगतो. जावई सुतार. लहान मुलांच्या लाकडी खुर्च्या करतो. गोल कडांच्या, कुठेही न टोचणाऱ्या. लेक त्यांचे फोटो काढून एका अ‍ॅपवर विकते. दुकान म्हणजे घराचीच मागची खोली. मी निवृत्त, म्हणजे चिकटपट्टी कापायला मोकळा. आणि चौथी भिंगरी. माझी नात, चार वर्षांची. एका जागी दोन मिनिटं बसली तर आम्ही कपाळाला हात लावून ताप बघायचो, म्हणून हे नाव.

या धंद्यातला सगळ्यात वाईट शब्द म्हणजे 'रिटर्न'. सात दिवसांत माल परत करता येतो, कारण कुठलंही चालतं. लोक तेवढ्यात हौस भागवून घेतात. एका बाईंनी वाढदिवसापुरती खुर्ची मागवली आणि केकच्या क्रीमसकट परत केली. कारण लिहिलं, 'रंग फोटोसारखा नाही'. एका गृहस्थाने खुर्ची ठेवून घेतली आणि खोक्यात दोन विटा भरून पाठवल्या. विटा चांगल्या होत्या. जावयाने कुंडीखाली लावल्या.

तेव्हापासून लेकीने शिस्त घातली. परत आलेलं प्रत्येक खोकं कॅमेऱ्यासमोर उघडायचं. आधी पत्त्याचं लेबल दाखवायचं, मग सहाही बाजू, मग काट्यावर ठेवून वजन, आणि मग टेप कापायची. सगळं एका दमात. मध्ये व्हिडिओ थांबला की अ‍ॅपवाले म्हणतात, तेवढ्यात तुम्हीच काढून घेतलं असेल.

मोबाइल धरायचं काम माझं. माझा हात थरथरत नाही.



तर तो बुधवार. कुरिअरवाला खोकं दोन्ही हातांनी पोटाशी धरून जिना चढला. धापा टाकत म्हणाला, "काय आजोबा, खुर्चीत कुणाला बसवून पाठवलंय काय?"

तो हसला. मीही हसलो.

कारणाच्या रकान्यात तीनच शब्द होते. 'आता गरज नाही.'

आमची खुर्ची खोक्यासकट साडेचार किलो भरते. हे खोकं काट्यावर ठेवलं...

बारा किलो दोनशे.

जावई म्हणाला, यावेळी विटा सढळ हाताने घातलेल्या दिसतायत. मी व्हिडिओ घेत होतो. लेकीने टेप कापली. झाकणाचे पाखे उघडले.

आत काही नव्हतं.

तळाशी बबल रॅप होता. नीट घडी घातलेला. बस्स.

लेकीने सुस्कारा टाकला. जावई शिवी घालणार होता, पण भिंगरी दारात उभी होती म्हणून गिळली. माझं लक्ष मात्र काट्याकडे होतं. खोकं अजून त्याच्यावरच होतं. कुणी हात लावला नव्हता.

आकडा उतरत होता.

बारा दोनशे... सात... सातवर जरा थांबला... मग तीन...

नऊशे ग्रॅम.

नुसत्या खोक्याचं वजन नऊशे ग्रॅम असतं.

एक पाय बाहेर टाकून, तोल सावरून, मग दुसरा पाय काढावा, तसा उतरला तो आकडा. हे मला आत्ता सुचतंय असं समजू नका. तेव्हाच सुचलं होतं. पण सत्तरीच्या माणसाने असली वाक्यं मोठ्याने बोलायची नसतात, घरचे डॉक्टरकडे नेतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघं पुढच्या खोलीत होतो. भिंगरी माझ्या मांडीवर झोपली होती.

मागच्या खोलीतून आवाज आला.

टक्...

टक्... टक्...

बबल रॅपचे फुगे फोडल्याचा आवाज. लहान मुलं फोडतात तसा. एक फोडायचा, थांबायचं, मग पुढचा शोधायचा.

जावई उठून बघून आला. म्हणाला, उंदीर असेल.

बसताना त्याने मागच्या खोलीचं दार मात्र ओढून घेतलं. कडीसुद्धा घातली. उंदरासाठी कुणी कडी घालत नाही.

अ‍ॅपवर दोन बटणं असतात. 'परतावा स्वीकारला' आणि 'तक्रार करा'. अठ्ठेचाळीस तासांत एक दाबावं लागतं. महिन्याभरात आमच्या दोन तक्रारी आधीच झाल्या होत्या, एक क्रीमची, एक विटांची. तिसरी केली की चौकशी होईपर्यंत दुकान बंद. लेकीने मदत केंद्राला फोन लावला. तिकडच्या मुलीने व्हिडिओ बघितला आणि फार गोड आवाजात सांगितलं की पाठवलेल्यापेक्षा वजन कमी भरलेलं नाही, उलट जास्तच भरलंय, त्यामुळे काही गहाळ झालं असं म्हणता येत नाही. जास्त आलं म्हणून तक्रार करणारे तुम्ही पहिलेच, असंही म्हणाली.

लेकीने माझ्याकडे बघितलं.

मी एका कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर एकतीस वर्षं काढली आहेत. तिथला आमचा नियम साधा. आलेला कागद आधी दाखल करून घ्यायचा, भांडायचं नंतर. तसंच मी बोललो.

"घेऊन टाक. भांडत बसण्यात अर्थ नाही."

हे वाक्य माझं आहे. जावयाचं नाही, लेकीचं नाही. ते दोघं मला तसं बोलून दाखवत नाहीत, हा त्यांचा चांगुलपणा.

तिने 'परतावा स्वीकारला' दाबलं.

मागच्या खोलीची कडी... आपोआप पडली.

वाऱ्याने पडली असेल. खिडक्या बंद होत्या, पण म्हणायला काय जातं.

त्यानंतर घरात कुठलाच आवाज झाला नाही. भीती त्याचीच वाटायला लागली, कारण भिंगरीचाही आवाज येईना. धावणं बंद. भांडी आपटणं बंद. बघावं तेव्हा ती मागच्या खोलीत फोटोसाठी ठेवलेल्या खुर्चीशेजारी, जमिनीवर, मांडी घालून.

मी विचारलं, खुर्ची रिकामी आहे, वर बस की.

ती हळूच म्हणाली, "आजोबा, ती बसलीये ना."



बिस्किट दिलं की ती अर्धं मोडायची आणि खुर्चीवर ठेवायची. ते अर्धं तिथेच राहायचं. दिवसभर. मुंगीसुद्धा फिरकायची नाही त्याच्याकडे.

आठवडाभरात तिचे फ्रॉक ढगळ झाले. डॉक्टरांनी तपासलं. रक्त चांगलं, फुप्फुसं चांगली, भूक चांगली. म्हणाले, या वयात मुलं उंच होताना बारीक होतात.

ती उंच झाली नव्हती.

जावई सुतार आहे. त्याचा मापावर विश्वास. व्हिडिओतला उतरणारा आकडा त्यानेही पाहिला होता. एका दुपारी त्याने ते रिकामं खोकं काट्यावर उघडं ठेवलं आणि आम्हाला गप्प बसायला सांगितलं. आम्ही दाराबाहेर उभे राहिलो.

नऊशे ग्रॅम...

नऊशे...

चार किलो... आठ... बारा सहाशे.

त्याने खोक्याचे नऊशे वजा केले. पेन्सिलीने भिंतीवर लिहिलं, अकरा सातशे. आली तेव्हा अकरा तीनशे होती. शेजारी भिंगरीचं वजन लिहिलं. पंधरा आठशेवरून पंधरा चारशे.

चारशे इकडे वाढले होते. चारशे तिकडे उतरले होते.

लेक ते आकडे बघून स्वयंपाकघरात गेली, नळ पूर्ण सोडला आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

संध्याकाळी तिने त्या ग्राहकाला फोन लावला. अ‍ॅप खरा नंबर दाखवत नाही, पण महिनाभर त्यातूनच फोन लागतो. एका बाईंनी उचलला. दमलेला आवाज. लेकीने दुकानाचं नाव सांगताच त्या म्हणाल्या की खुर्ची फार सुंदर आहे, आमच्या मुलाला आवडली.

लेक म्हणाली, "खुर्ची राहू दे. तुम्ही काय पाठवलंय?"

"तुमच्या घरात लहान मूल आहे का, ताई?"

"आहे."

 मग त्या एवढंच बोलल्या. आमच्याकडेही ती अशीच आली होती, रिकाम्या खोक्यातून. जबरदस्ती करावी लागत नाही. खोकं उघडं ठेवलं की आपणहून जाऊन बसते.

"मुलांना खोकी आवडतात ना, ताई. माफ करा मला."

फोन ठेवला. पुन्हा लागला नाही.

आम्ही प्रयत्न केले नाहीत असं समजू नका. खोकं त्याच बाईंच्या पत्त्यावर पाठवलं. 'घेणाऱ्याने नाकारलं' असा शिक्का घेऊन तिसऱ्या दिवशी परत आलं. वजनासकट. ते तीन दिवस भिंगरी खाली अंगणात पळत होती. जावयाने एकदा टेप लावलेलं खोकं स्कूटरवरून लांब नेऊन मोकळ्या माळावर ठेवलं. तो घरी पोचायच्या आत भिंगरी बिस्किट मोडत होती. पत्ता नसलेल्या जागी ती राहत नाही. कुणीतरी घेणारं लागतं.

भिंतीवर आकड्यांखाली आकडे येत गेले. एका सोमवारी खोक्यातलं वजन तेरा शंभर होतं आणि भिंगरी चौदाला आली होती. तिला कडेवर घेतलं तर मला माझ्याच हातांची लाज वाटली. इतकी हलकी.

सोमवारीच एक ऑर्डर आली होती. एक खुर्ची.

आमच्या खुर्च्या कोण घेतं, हे सांगायला नको. घरात लहान मूल असलेली माणसंच घेतात.

कुणी कुणाला विचारलं नाही. जावयाने खुर्ची पॅक केली आणि वरची टेप लावली नाही. खोकं काट्यावर उघडं ठेवलं. लेकीने भिंगरीला पुढच्या खोलीत नेलं आणि मोठ्याने गाणं म्हणायला लागली. तिचा आवाज फुटत होता, तरी म्हणत होती.

साडेचार किलो...

साडेचार...

सतरा सहाशे.

जावयाने झाकण लावलं. अगदी हलक्या हाताने, झोपलेल्या मुलावर पांघरूण घालावं तसं. लेबलवर वजन खरं लिहिलं, सतरा सहाशे. तेवढा प्रामाणिकपणा आम्ही केला.

लेबल चिकटवायला मी हातात घेतलं, तेव्हा लेक दारात उभी होती.

"बाबा, पत्ता वाचू नका."

मी वाचला नाही. चष्मा काढून ठेवला आणि चाचपडत लेबल लावलं. जन्मात पहिल्यांदा कुणाचं ऐकलं असेल, तर ते त्या दिवशी.

कुरिअरवाला वेगळा होता. त्याने थट्टा केली नाही.

आता भिंगरी बरी आहे. काल तिने दोन कप फोडले. मी फुटलेले तुकडे गोळा करताना रडलो, आणि कप काही महागाचे नव्हते.

नव्या ग्राहकाचे सात दिवस उलटले. रिटर्न आलं नाही. उलट पाच तारे आले आणि एक फोटो. खुर्ची छान दिसत होती. खोलीच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. शेजारी जमिनीवर एक लहान मुलगा. मांडी घालून. अगदी शांत.

त्या रात्री मी लेकीला म्हणालो, त्यांना कळवायला हवं. ती म्हणाली, काय कळवणार? आणि कळवल्यावर ते काय करतील?

ते काय करतील, हे आम्हा दोघांनाही नीट ठाऊक होतं.

सकाळी तिने दुकान बंद केलं. खातं काढून टाकलं. नंबर गेला, पत्ता गेला, मागच्या सगळ्या ऑर्डरी गेल्या. पंधरा दिवसांत आम्ही घरही बदललं. आता मला त्या माणसांना शोधायचं म्हटलं तरी शोधता येणार नाही.

म्हणून इथे लिहितोय. गेल्या काही महिन्यांत तुमच्याकडे लहान मुलाची लाकडी खुर्ची आली असेल, गोल कडांची, कुठेही न टोचणारी... तर आज दुपारी एक रिकामं खोकं काट्यावर उघडं ठेवून बघा. आणि आपल्या मुलाचं वजन करा.

आकडा चढला, तर मला विचारू नका पुढे काय करायचं.

आमच्या जुन्या पत्त्यावर परत पाठवू नका, एवढंच सांगतो. तिथे आता कोण राहतं, मला माहीत नाही. सामान काढताना जिन्यात एक नवं कुटुंब भेटलं होतं.

बाईंच्या कडेवर तान्हं होतं.