मशीनच्या डोळ्याला कुंकू

मनकर्णा यशवंतला हो म्हणाली. गोष्ट संपली. आता ती हो म्हणालीच नाही असं धरून चालू. कारण अजून तिनं त्याला पाहिलेलंही नाही, आणि न पाहिलेल्या माणसाला हो म्हणायचं काम आदिलाबादकडे आईबाप करतात.

साल सत्त्याण्णव, थंडीचे दिवस. आदिलाबादेतल्या मावला गावाजवळच्या सूतगिरणीत निवडखोलीतल्या बाया रुईचे ढीग पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. रुईतून केस, सुतळी, लुगड्याचा धागा, कोंबडीचं पीस वेचून काढायचं, एवढंच काम. तेवढ्यात दारात एक उंच मुलगा येऊन उभा राहिला.

"मला कचरा पाहिजे," तो म्हणाला.

बायांचे हात थांबले. कचरा काढा म्हणणारे रोज यायचे. मागायला आलेला हा पहिलाच.

"कोनता देऊ?" मनकर्णानं मान वर न करता विचारलं. "कालचा का ताजा?"

"सगळ्या तऱ्हेचा. मशीनला ओळख करून द्यायची आहे."

आता तिनं मान वर केली… आणि जरा उशिरानं खाली घेतली.

यशवंत पुण्याहून नवीन मशीन बसवायला आला होता. मशीनमध्ये कॅमेरे होते. रुई काचेमागून वाहत जायची, कॅमेरे टक लावून बघायचे, आणि पांढऱ्यात दुसरा रंग दिसला की हवेचा फटका मारून तेवढा पुंजका बाहेर उडवायचे. मशीनची परीक्षा घ्यायला कुणीतरी मुद्दाम कचरा टाकायला हवा होता. मॅनेजर सुधाकररावांनी मनकर्णाला नेमलं. वेचायचा पगार घेऊन टाकायचं काम करणारी ती गिरणीतली पहिलीच बाई.

रोज सकाळी ती टाकायची, मशीन उडवायचं, तो बघायचा. मशीनकडेच बघतो असं तो समजत होता.

"हा केस कोणाचा?" एकदा त्यानं एक लांब केस उजेडात धरला.

"मशीनले विचारा. तिले समदं दिसते म्हनता न."

"तिला काळा दिसतो. कोणाचा, ते दिसत नाही."

"मंग तुमाले?"

 त्यानं केस खिशात ठेवला. त्या दिवशीच्या परीक्षेत मशीनला एक प्रश्न कमी आला.

मग एका दुपारी तिनं सहज विचारलं, "मशीन पास झाली, मंग आमी काय करायचं?"

तो घड्याळ नसलेल्या मनगटाकडे बघत राहिला. पुण्यात त्याला मशीनबद्दल सगळं शिकवलं होतं – तारा, काचा, हवेचा दाब. निवडखोलीला टाळं लागणार, हे कुणी शिकवलं नव्हतं. त्यानंही विचारलं नव्हतं.

"मला… माहीत नाही," तो म्हणाला.

"आमाले हाय," ती म्हणाली. पुढचा धागा तिनं जरा जोरातच टाकला.

ट्रायलच्या सकाळी गिरणीचे मालक, शेठ, यायचे होते. यशवंत त्यांना आणायला फाटकाशी गेला, तेवढ्यात बाया नारळ घेऊन आल्या. नवीन नांगर असो, नवीन मोटार असो, नाहीतर आपली भाकर हिरावून घेणारं मशीन – कुंकू लावल्याशिवाय कामाला जुंपायचं नाही, ही रीत.

"माह्या हातानं चालत नाई, पोरी," निवडखोलीतली सगळ्यात जुनी बाई, मावशी प्रयागबाई म्हणाली. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. "तू लाव."

"कुठं लावू? हिले कपाळ कुठं हाय?"

"डोळे हायेत न? त्याच्यावर लाव."

मनकर्णानं काचेवर, बरोबर कॅमेऱ्यासमोर, कुंकवाचं ठसठशीत बोट टेकवलं.

मालक आले, मशीन सुरू झालं. त्याला सगळी रुई लाल दिसली. त्यानं सगळी रुई उडवली. शेठ, सुधाकरराव, नारळ, देवाचा फोटो, सगळं पांढरं झालं. आदिलाबादेत बर्फ पडायची ही पहिलीच वेळ. कुणी हललं नाही, कारण मालकांच्या मिशीवरची रुई आधी कुणी झटकायची, हे ठरत नव्हतं.

"किसने किया?" शेठनं विचारलं.

यशवंतनं काचेवरचा बोटाचा ठसा पाहिला. मग मनकर्णाचं लाल बोट पाहिलं. रुमाल काढून त्यानं काच पुसली.

"माझ्याकडूनच चूक झाली साहेब," तो म्हणाला. "उद्या परत घेऊ."

"उद्या बिघाड झाला, तर मी तुमच्या कंपनीला कळवीन," सुधाकरराव म्हणाले. "नोकरी जाईल तुमची."

संध्याकाळी ती नळावर हात धूत होती. तो शेजारी येऊन उभा राहिला.

"खोटं काऊन बोलले?"

"खरं बोललो असतो तर तुम्हाला काढलं असतं."

"तशी बी काढूनच राह्यले."

त्यानं नळ बंद केला. मग हळूच म्हणाला, "उद्याही कुंकू लावा. मी पुसणार नाही."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. थट्टा नव्हती. नोकरीच ठेवली होती त्यानं समोर, पानासुपारीसारखी.

"अन् मंग दुसरा कोनी येईन," ती म्हणाली. "पुसनारा."

दुसऱ्या दिवशी पदरानं काच तिनंच पुसली. लख्ख. मशीननं एकही धागा सोडला नाही. टाळ्या वाजल्या. बायांनीही वाजवल्या, कारण पाहुण्यांसमोर न वाजवणं बरं दिसत नाही.

दुपारी निवडखोली रिकामी झाली. प्रयागबाईनं बसायचं पोतं झटकून काखेत घेतलं. यशवंत ट्रायलचा कागद भरत उंबऱ्यातच बसला होता. त्याची पुण्याची गाडी रात्रीची होती.

"मनकर्णा," तो म्हणाला. आजवर नुसतं 'तुम्ही' होतं. "बोथला… तुमच्या गावी, घरी येऊ का? विचारायला?"

"काय विचारायले?"

"तुम्हाला माहीत आहे."

"माहीत हाय. तरी बोला. मी बी रोज तेच टाकत होते न, मशीनले माहीत असून."

"माझ्याशी लग्न करशील?"

तिनं रिकाम्या खोलीकडे पाहिलं. डोळे पुसले, तर बोटाला रुईचा तंतू लागला.

"हो. पन पयले ह्या बायांसाठी एक दरखास्त लिवा. थ्या कागदावरच."

"मंजूर नाही होणार."

"मले काऊन सांगता? मी का लहान हाय? लिवा."

कागदाच्या तळाशी 'शेरा' म्हणून मोकळी जागा होती. ती सांगत गेली, तो सरकारी भाषेत लिहीत गेला:

"मेहरबान व्यवस्थापक साहेब यांस नम्र दरखास्त, की सदर मशीन आल्यापासून अखंड डोळे उघडे ठेवून आहे. सबब तिला डोळ्यांच्या विश्रांतीसाठी बेमुदत बिनपगारी रजा मंजूर व्हावी, आणि रजेच्या काळात तिच्या बदली कामावर निवडखोलीतील समस्त बायांना, प्रयागबाईंपासून सुरुवात करून, कायम करण्यात यावे."