डोळे बांधलेलं कोकरू

सांगते, पण मध्ये काही विचारू नका. मग सांगणं व्हायचं नाही.

नवऱ्याला जाऊन दोन महिने झाले होते. रविवारची दुपार. त्याचे शर्ट देऊन टाकायचे म्हणून मी तुटलेली बटणं लावत बसले होते. शिवणकामावरच माझं पोट. रडू येत नव्हतं. काहीच येत नव्हतं.

दहा वर्षांची लेक त्याची कार्डं घेऊन आली. राक्षस, जादूगार, किल्ले असला तो खेळ. दर रविवारी बापलेक खेळायचे, मग रात्री तो तिची नखं कापून द्यायचा, नीट गोल. मला त्यातलं ओ की ठो कळत नसे.

"आई, एकच डाव."

तिनं कार्डं वाटली. माझ्या वाट्याला एक दुबळं पांढरं कोकरू आलं. गुडघे टेकलेलं, डोळ्यांवर पट्टी. खाली लिहिलं होतं: याचा बळी द्या. गेलेलं एक कार्ड परत घ्या.

"मोठ्यानं 'दिलं' म्हणायचं असतं," लेक म्हणाली.

"दिलं," म्हणत मी ते ढिगावर टाकलं.

आतल्या खोलीत कुणीतरी खोकलं. एकदा, मग जरा थांबून दोनदा. आमच्या घरात तसं एकच माणूस खोकायचं.

लेक हललीसुद्धा नाही. तिनं ढिगातून कोकरू उचललं आणि परत माझ्या हातात ठेवलं. खेळात हे चालत नसणार, एवढं मलाही कळत होतं.

"आई... परत म्हण ना."

"दिलं."

सपाता फरशीवर घासल्या. चार पावलं. माझ्या डाव्या करंगळीला कार्डाची कड जाणवेना. सुई टोचून पाहिली. रक्त आलं, दुखलं नाही.

मला कळलं होतं, बरं का. तरी मी म्हणाले, "दिलं." आणखी एकदा. आणखी एकदा. मनगटापर्यंत हात बधिर झाला तेव्हा दाढीच्या साबणाचा ओला वास खोलीभर झाला होता. मधल्या दाराचा पडदा कुणीतरी मागून धरल्यासारखा ताणला गेला.

"कुणाची पाळी?" पडद्यामागून आवाज आला. त्याचाच. हळू, जरा दमलेला.

"माझी, बाबा!" म्हणत लेकीनं कोकराकडे हात नेला. तिचं तोंड उघडलं...

मी उजव्या हातानं कार्ड ओढलं, दातांत धरलं आणि कात्रीनं मधोमध कापलं.

पडदा सैल पडला. आत जाऊन पाहिलं. खोली रिकामी.

लेक चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, "ते आलेच होते, आई." मी तिचे केस विंचरत राहिले.

डॉक्टर म्हणतात, शिरा ठणठणीत आहेत. हात हलतो, कापड धरतो; फक्त तो माझा वाटत नाही. सवय झाली.

एवढंच की त्या हाताची नखं मी कापत नाही. लेकही कापत नाही, मी विचारलं तिला. पण दर सोमवारी सकाळी ती कापलेली असतात. अगदी नीट. गोल.