जुन्या यादीतला नंबर

छकुली नुकती कुठे झोपली होती, आणि फोन वाजला.

पाय अवघडेपर्यंत मांडीवर थोपटून ताईने तिला झोपवलं होतं. धाकटी धावत फोनपाशी पोचली, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. रिसीव्हर कानाला लावला तर पलीकडून, पत्र्यावर खिळा ओढावा तशी किंकाळी. माणूस नाहीच. आत छकुलीने लगेच तोच सूर उचलला.

कितीतरी दिवस हेच चाललं होतं. भाऊजी परगावी कामाला, त्यांचा फोन कधी येईल याचा नेम नाही, म्हणून रिसीव्हर काढून ठेवायचीही सोय नव्हती. पण त्या दुपारी किंकाळी थांबली, आणि कुणीतरी खाकरलं.

"हॅलो... तुमचा बोर्ड बंद पडलाय का?"

"आमच्याकडे बोर्ड नाही, बाळ आहे," धाकटी म्हणाली. "हा नंबर कुणी दिला तुम्हाला?"

त्या बिचाऱ्याने सगळं सांगून टाकलं. हौशी कॉम्प्युटरवाल्यांचं एक जाळं होतं. गावोगावी त्यांचे बोर्ड, म्हणजे फोनला जोडलेले कॉम्प्युटर, होते. लोक त्यावर मजकूर लिहीत, आणि कॉम्प्युटर एकमेकांना फोन लावून तो पुढे पोचवत. कुठल्या बोर्डाचा नंबर काय, याची यादी एकजण सांभाळायचा. तो तिच्याच गावात, रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसायचा.

तळपायाची आग मस्तकात घेऊनच ती तिथे शिरली. उघडे पडलेले टेपरेकॉर्डर, वितळलेल्या कथलाचा वास, आणि एका सर्किटच्या पट्टीवरची धूळ फुंकत बसलेला, कपाळावर केस आलेला एक उंच मुलगा.

"यादीवाले तुम्हीच का?"

"किराण्याची असेल तर शेजारी," तो वर न बघता म्हणाला.

तिने नंबर सांगितला. त्याने कॉम्प्युटरच्या पडद्यावर शोधला, आणि त्याचे कान हळूहळू लाल होत गेले.

"दोन आकडे उलटे पडलेत... माझ्याच हातून."

"आमची पोर झोपली नाही तुमच्यापायी."

त्याने पहिल्यांदा नीट वर बघितलं. "तुमची...?"

"ताईची," ती घाईने म्हणाली. एवढी घाई कशाची होती, हे घरी पोचेपर्यंत तिला कळलं नाही.

"या शुक्रवारच्या यादीत दुरुस्त करतो. पण..."

"पण काय?"

"सगळे नवी यादी लगेच घेत नाहीत. काहीजणांची यंत्रं जुन्याच यादीवरून फोन लावत राहतात. थोडे दिवस सोसावं लागेल."

"फुकट?"

"काय घ्याल?"

"चहा. साखर बेताची."

पुढच्या शुक्रवारी तो चहाही तिने पुन्हा वसूल केला. मग वसुलीच लागली. दुकानातल्या मागच्या स्टुलावर बसून ती यादीतले नंबर फिरवायची. माणूस उचलतो की मोडेम, म्हणजे ते किंचाळणारं यंत्र, एवढंच बघायचं. किंकाळी आली की रिसीव्हर दोघांच्या मध्ये धरायची, आणि दोघांची डोकी नको तितकी जवळ यायची. ती किंकाळीची नक्कल इतकी हुबेहूब करायची, की तो हातातलं काम ठेवून हसायचा. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

"आणि हा लागतच नाही," ती म्हणायची.

"तीनदा लावून बघ. नाहीच लागला तर पुढे 'बंद' लिही. नियम आहे."

"चौथ्यांदा का नाही लावायचा?"

"कुठेतरी थांबायला हवं ना."

"आणि या बाईंच्या नावापुढे नंबरच नाही. खाजगी म्हणे."

"काहींना यादीत असायचं असतं, पण थेट फोन नको असतो. त्यांची पत्रं शेजारच्या बोर्डामार्फत जातात."

"कसली माणसं रे ही... आहे म्हणायचं, आणि सापडायचं मात्र नाही."

मग मामांनी एक स्थळ आणलं. लांबच्या गावचं, खोट काढायला जागा नाही असं. बाबांनी रविवारी संध्याकाळी उत्तर देतो म्हणून सांगितलं. धाकटी दुसऱ्याच दिवशी दुकानात गेली.

"रविवारच्या आत बाबांशी बोल."

"मी?"

"नाही, तुझा मोडेम बोलेल."

तो हसला, आणि मग बराच वेळ हातातला पेचकस फिरवत राहिला. "आधी फोन करतो. रविवारी दुपारी. कधी येऊ, असं विचारतो त्यांना."

"चार गल्ल्या सोडून घर आहे. सरळ ये ना."

"एकदम दारात कसं उभं राहायचं? एकदा खात्री न करता तुझ्या घरी काय गोंधळ घातला, ठाऊक आहे ना? तेव्हापासून कानाला खडा."

तेव्हा तिला तेसुद्धा गोडच वाटलं.

शनिवारी छकुलीला लस टोचली, आणि रविवारी तिचं अंग तव्यासारखं तापलं. ताईला काही सुचेना. धाकटीनेच तिला खांद्यावर घेतलं, आतल्या खोलीत येरझाऱ्या घातल्या. कितीतरी वेळाने पोरीचा श्वास संथ झाला. धाकटी पलंगाच्या कडेला टेकली आणि तशीच बसून राहिली. छकुलीच्या गालाची ऊब खांद्यात उतरत होती, आणि तिचे कान बाहेर लागले होते.

फोन वाजला. पुरता वाजलाही नाही, कुणीतरी उचलला.

आला, तिला वाटलं. बाबा बोलत असतील. काय बोलत असतील... छातीतली धडधड पोरीला जागं करील म्हणून तिने श्वासही जपून घेतला. बाहेर मात्र काहीच ऐकू येत नव्हतं.

ऊन उतरल्यावर छकुलीला खाली ठेवून ती बाहेर आली. बाबा पेपर वाचत होते.

"कुणाचा फोन होता?"

"तुझ्या त्या यंत्राचा," ताई म्हणाली. "मी काढूनच ठेवलाय. पोर तापाने फणफणलीय, आणि त्यात ती किंकाळी कोण ऐकणार?"

रिसीव्हर उशीखाली होता. धाकटीने तो जागेवर ठेवला. आता तो येईलच, तिने मनाशी म्हटलं. फोन लागत नाही म्हटल्यावर माणूस चालत येतो. तिने स्वतः फोन फिरवला नाही. एवढं एक पाऊल त्याचं असायला हवं होतं. ती खिडकीत उभी राहिली. रस्त्यावरचे दिवे लागले. मग मामा आले.

बाबा तिला बाजूला घेऊन म्हणाले, "मनात दुसरं काही असेल तर आत्ता सांग, बाळा. मी मामांना समजावीन."

तिने एकदा दाराकडे बघितलं. बोट दाखवायला तिथे कुणी नव्हतं.

"काही नाही, बाबा."

सोमवारी ती दुकानात गेली, तेव्हा तो मान खाली घालून बसला होता.

"फोन केला होतास?"

"तीनदा. एंगेज होता."

"आणि मग?"

"मला वाटलं, मुद्दाम काढून ठेवलाय. म्हणजे... नको असेल तुमच्याकडे."

"छकुलीला ताप होता. तुझ्या जुन्या यादीवरून कुणाचं तरी यंत्र फोन करत होतं. म्हणून ताईने काढून ठेवला."

त्याचे कान पहिल्या दिवशीसारखे लाल झाले नाहीत. चेहरा पांढरा पडला.

"मी काल हो म्हटलंय," ती म्हणाली. आणि अगदी सहज सांगावं तसं पुढे म्हणाली, "अजून नुसतं तोंडी आहे. मोडता येईल."

बोलताना तिने सगळा जीव डोळ्यांत आणला होता. त्याच्याही डोळ्यांत सगळं होतं, त्यात काही खोट नव्हती. पण तो फार हळू म्हणाला, "तू आधी घरी विचारून बघ... त्यांचं नक्की कळलं, की मी लगेच..."

कपाळाला हात लावला की कळतं, थर्मामीटर लागत नाही. तिला तसंच कळलं. राग आला असता तर बरं झालं असतं.

ती स्टुलावरून उठली.

"तिकडचा नंबर..." तो म्हणाला, "देशील ना?"

"त्या खाजगीवाल्यांत टाका मला. आहे, पण नंबर नाही."

पायरी उतरल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण 'टाका' म्हणालो.

घरी ताप उतरला होता. छकुली घामाने ओली होऊन शांत झोपली होती, आणि ताई तिच्या बाजूलाच, बसल्या बसल्या पेंगत होती. फोन वाजला. धाकटीने उचलला. तीच किंकाळी. तिने तो ठेवला. पुन्हा वाजला, पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा तिने ती किंकाळी शेवटपर्यंत ऐकली. यंत्र दमलं आणि आपणहून गप्प झालं. तिने रिसीव्हर जागेवर ठेवला आणि पलंगाशी येऊन बसली.

चौथ्यांदा फोन वाजला.

तिने छकुलीच्या कानावर हात ठेवला, आणि तो वाजू दिला.